येते म्हणून न येणारी

तीर्थस्वरूप थोरल्या जाऊबाईंना धाकटीचा वाकून नमस्कार. (गुडघ्यांमुळे पूर्वीइतकं वाकता येत नाही. उरलेलं तुम्ही समजून घ्या.)

आपलं बोलणं बंद आहे हे माझ्या लक्षात आहे. आठ महिने झाले, विसरेन कशी? पण त्या दिवशी बंद झालं ते बोलणं. लिहिण्याबद्दल तुम्हीही काही म्हणाला नव्हतात आणि मीही नाही, तेव्हा त्या फटीतून शिरते आहे. तब्येत कशी आहे? कंबर काय म्हणते? पुतण्या फोनवर माझ्या मुलाला 'सगळं ठीक आहे' म्हणून सांगतो, पण पुरुषांचं 'सगळं ठीक' म्हणजे काय ते तुम्हाला-मला ठाऊक आहे. छप्पर उडालं तरी जेवण वेळेवर मिळालं की यांचं सगळं ठीक. माझं म्हणाल तर मी बरी आहे. वजन वाढलंय. खाऱ्या वाऱ्याने केस असे उभे राहतात की सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, विंचरायचं सोडलंस का गं?

आता मुलाने मला कुठे आणून टाकलंय ते ऐका. तो फोनवर 'परदेश, परदेश' म्हणायचा तेव्हा मला वाटायचं उंच उंच इमारती असतील, आपोआप सरकणारे जिने असतील. प्रत्यक्षात एक उतरता रस्ता आहे. वरच्या टोकाला दवाखाना, मध्ये पाववाला, खालच्या टोकाला होड्यांचा धक्का, आणि धक्क्यापुढे समुद्र. संपला परदेश. तीनशे माणसं असतील नसतील. त्यातली निम्मी पहाटे होड्या घेऊन जातात आणि उरलेली निम्मी ती परत येईपर्यंत खिडकीतून बघत बसतात. मुलगा इथल्या बर्फाच्या कारखान्यातली यंत्रं सांभाळतो. मासळी ठेवायला बर्फ लागतो ना, तो. (पोराला एवढा इंजिनियर केला आणि तो पाणी गोठवतो, हे कृपा करून शेजारी सांगू नका.) सूनबाई त्याच कारखान्याच्या ऑफिसात आहे. आमच्या दोन खोल्या माडीवर आणि खाली जाळी दुरुस्त करायची शेड. दार उघडलं की मासळीचा वास येतो, आणि बंद केलं की आत अडकलेल्या मासळीचा वास येतो. पहिला आठवडाभर मी नाकाला पदर लावून फिरले. गावाला वाटलं मी लाजते आहे.

निघायच्या दिवशीचं आता लिहूनच टाकते, नाहीतर घास घशात अडकल्यासारखं होईल. टॅक्सी दारात उभी, मुलगा बॅगा ठेवतोय, आणि तुम्हाला बरोब्बर तेव्हाच चहाचं गाळणं सापडेना. सासूबाईंचं, पितळेचं, लांब दांड्याचं. आपण दोघी त्या स्वयंपाकघरात चौतीस वर्षं होतो आणि ते चौतीस वर्षं शेगडीवरच्या खिळ्याला होतं. आता खिळा होता, गाळणं नव्हतं. तुम्ही टॅक्सीवाल्यादेखत म्हणालात, "धाकटे, गाळणं तूच घेतलंस." मी म्हटलं, घेतलं असेल तर माझी जीभ झडो. (टॅक्सीवाल्याने इंजिन बंद केलं. त्याला नीट ऐकू येत नव्हतं.) मग तुम्ही माझ्या माहेरावर गेलात, मग मी तुमच्या वरणावर गेले, ते सगळं पुन्हा लिहीत नाही. आणि उंबऱ्यावरून उतरताना मी म्हटलं, "जाते मी." येते नाही. जाते. उभ्या जन्मात कुठल्या उंबऱ्यावरून तो शब्द माझ्या तोंडून गेला नव्हता, भाजी आणायला निघतानासुद्धा नाही. तुम्ही सवयीने 'ये' म्हणायला तोंड उघडलं होतं. मी पाहिलं. मग ते तसंच मिटलंत.

आणि आता कबुलीजबाब, बसून वाचा. विमानातून उतरल्यावर तपासणीवाल्याने माझी बॅग बाजूला काढली. त्याला पडद्यावर काहीतरी भोकाभोकांचं दिसत होतं. बाजूच्या कप्प्यात त्याने हात घातला आणि पांढऱ्या फडक्यात बांधलेलं गाठोडं बाहेर काढलं. गाठोड्यातून हातभर पितळी दांडा डोकावत होता. तो मला विचारतोय, हे काय आहे? आणि माझी जीभ टाळ्याला चिकटलेली. मनात म्हटलं, झडली वाटतं. मुलगा दुसऱ्या रांगेत होता, त्याला काही कळलं नाही. शेवटी मी भर विमानतळावर चहा उकळण्याचा, गाळण्याचा, फुंकर मारण्याचा आणि पिण्याचा अभिनय केला, तेव्हा त्याने शिक्का मारला. घरी आल्यावर गाठोडं न सोडता, त्याच्याकडे नीट न बघतासुद्धा, कपाटाच्या तळाशी टाकलं आणि वर लोकरीचे कपडे रचले. माझी खात्रीच झाली होती की आवराआवरीच्या गडबडीत चहाच्या पुड्यांबरोबर मीच ते कोंबलं. आठ महिने पत्र लिहिलं नाही ते रागाने नव्हे, जाऊबाई, लाजेने. राग असता तर मी आठवड्याला दोन लिहिली असती.

असो. तर इथली भाषा. सूनबाईने मला एक वही करून दिली, चाळीस शब्दांची. पाणी, पाव, किती, नको, आभारी आहे, असे. अकरावा शब्द होता 'मी जाते'. दुकानातून निघताना तो म्हणायचा म्हणे. मी पेनाने गिरवून गिरवून तो वहीतून नाहीसा केला. एकदा म्हटला तेवढा पुरे होता. मग माझी मीच अक्कल चालवली. वहीत 'मी' होतं आणि पुढच्या पानावर 'येणे' होतं, ते दोन्ही जोडलं, आणि जिथून निघेन तिथे हसून म्हणायला लागले, मी येते. चौसष्टाव्या वर्षी परक्या भाषेत स्वतः बनवलेलं वाक्य! दोन दिवस माझे पाय जमिनीवर नव्हते. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

आपल्याकडे 'येते' म्हणजे जाते, हे शेंबडं पोरही जाणतं. इथे 'येते' म्हणजे येते. पाववाला बिचारा दुकान बंद करायची वेळ टळून गेली तरी एक पाव कागदात गुंडाळून माझी वाट बघत बसला. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले, पुन्हा हसले, पुन्हा 'येते'. तो पुन्हा बसला. चौथ्या दिवशी त्याने पाव जरा आपटूनच दिला. मला वाटलं, घरी बायकोशी वाजलं असेल, म्हणून मी आणखी गोड आवाजात 'येते' म्हटलं. दवाखान्यातल्या नर्सने रक्तदाब बघितला, मी 'येते' म्हणून निघाले. ती यंत्र मांडून बसून राहिली आणि शेवटी, बाई रस्त्यात कोसळली की काय, म्हणून मला शोधत आली. मी गॅलरीत केस वाळवत होते. तिने वर पाहिलं, मी हात हलवला. ती बराच वेळ तिथेच उभी होती.

कळस झाला तो लाँचवर. खाडीपलीकडच्या बाजारात जायला एक लाँच आहे. ती परतीला आमच्या धक्क्यावर थांबते आणि मग पुढच्या वाडीला जाते. मी पिशव्या घेऊन उतरले, लाँचवाल्याला आपल्या पद्धतीने 'येते' म्हटलं आणि घरी येऊन पाय पसरून बसले. त्याला वाटलं, म्हातारी काहीतरी विसरली, घेऊन येतेय. पाऊण तास थांबला हो तो! लाँचमध्ये अकरा माणसं, एक शिवणयंत्र आणि टोपलीभर कोंबड्या. मी आपली खिडकीतून बघतेय आणि सूनबाईला सांगतेय, आज लाँच का बरं अडलीय, इंजिन बिघडलं वाटतं. (त्या अकरांपैकी एक जण दात काढून घ्यायला निघाला होता. त्याची वेळ चुकली. त्याने मात्र नंतर मला एक मासा आणून दिला.)

पण सगळ्यात वाईट वागले मी जाळीवालीशी. खालच्या शेडमध्ये जाळी शिवणारी म्हातारी. म्हणजे आपल्याच वयाची आहे, म्हातारी म्हणायला नको. मांडीवर जाळं, हातात लाकडी सुई, आणि बोटं अशी चालतात की डोळ्यांची गरजच नाही. फाटक्या जाळ्याची कुठलीही गाठ बघून ती सांगते, ही अमक्याच्या बापाने मारलीय, ही तमक्याच्या काकाने. रोज चारला ती चहा करते. चारला, जाऊबाई! तुमच्या-माझ्यासारखी. पहिल्या दिवशी तिने मला स्टूल दिलं, कप दिला, आणि तिला माझी भाषा येत नसताना आणि मला तिची येत नसताना आम्ही अर्धा तास सुनांबद्दल बोललो. उठताना मी म्हटलं, येते. मग मला सर्दी झाली आणि आठवडाभर मी जिना उतरले नाही. ती रोज चारला दोन कप मांडायची. एक स्वतः प्यायची आणि दुसरा गार झाला की समोर पाण्यात ओतायची.

मग एका रविवारी सकाळी चौघं जिना चढून आले. पाववाला, नर्स, लाँचवाला आणि मागे जाळीवाली. मुलाने दार उघडलं. ते बोलत होते, हा ऐकत होता, आणि मग जो हसायला लागला तो भिंत धरून खालीच बसला. नंतर कळलं की गावात माझं नाव पडलं होतं, 'येते म्हणून न येणारी'. मुलाने त्यांना समजावलं की आमच्यात घरातून निघताना 'जाते' म्हणत नाहीत. जाणं अशुभ, म्हणून जातानाही 'येते' म्हणायचं. त्यांनी विचारलं, मग खरोखर येता तेव्हा? तेव्हा 'आले'. आणि ते तुमची आई माडीवरून ओरडते ते 'आलेच'? मुलगा म्हणाला, 'आलेच' म्हणजे ती अजून जागची उठलेलीही नाही. लाँचवाल्याने कपाळाला हात लावला.

पण ऐकावं ते नवल, पुढच्या पंधरा दिवसांत गावाने तो शब्द उचलला. समुद्रावर जाणाऱ्या माणसांना तो आवडणारच, नाही का? आता पहाटे होड्या सुटताना बाप्ये त्यांच्या भाषेत म्हणतात, येतो, आणि धक्क्यावरच्या बायका म्हणतात, ये. उत्तर द्यायचं मीच शिकवलं. नुसतं 'येतो' अर्धं असतं, समोरून 'ये' आलं की पुरं होतं. मी गॅलरीतून ऐकते आणि मला तुमचं ते मिटलेलं तोंड आठवतं. मात्र फायद्याबरोबर तोटाही झाला. मोरीचा नळ गळत होता, नळवाल्याला बोलावलं. तो तत्परतेने 'येतो' म्हणाला आणि चार दिवस फिरकला नाही. जाऊबाई, खोटं नाही सांगत, मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं! बादलीत टपटप पडणाऱ्या पाण्याशेजारी बसून मी पोटभर रडले.

रडायला आणखीही कारण होतं. त्याच सुमाराला पुतण्याचा फोन आला होता आणि या खेपेला तो 'सगळं ठीक'च्या पुढे थोडं बोलला. आई हल्ली वस्तू ठेवते आणि विसरते, म्हणाला. चष्मा तांदळाच्या डब्यात सापडला. रोज चार वाजता दोन कप मांडते, मग गाळणं शोधत बसते, मग 'धाकटीला हाक मार' म्हणते. ती इथे नाही म्हटलं की एक कप परत फडताळात ठेवते. मुलाने मला हे सहज सांगावं तसं सांगितलं आणि कारखान्यात निघून गेला. मी कपाट उघडलं, लोकरीचे कपडे फेकले आणि गाठोडं काढून तडक खाली जाळीवालीकडे गेले. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. चाळीस शब्दांत सांगितलं. मी घेतलं. नाही म्हणाले. मोठी बहीण रडली. (जाऊ हा शब्द वहीत नाही. आणि आठ महिन्यांनी तेवढा फरकही वाटेना.)

तिने माझं सगळं ऐकलं, पण गाळण्याकडे ढुंकून बघितलं नाही. तिने गाठ बघितली. उलटीपालटी करून बघितली, मग माझ्या हातात एक चिंधी दिली आणि खूण केली, बांध. मी बांधली. तिने दोन्ही गाठी शेजारी धरल्या, मान हलवली, आणि स्वतःचा डावा हात वर करून मला दाखवला.

आपल्या घरात डावखुरं माणूस एकच. सासूबाईंनी तुम्हाला डाव्या हाताने वाढू दिलं नाही, डाव्या हाताने सुई धरू दिली नाही, पण गाठी तेवढ्या तुमच्या डाव्याच राहिल्या. बरणीच्या तोंडाला तुम्ही बांधलेलं फडकं मला चौतीस वर्षांत एकदाही सोडता आलं नाही. दरवेळी तुम्हाला हाक मारायची, आणि तुम्ही हात पुसत येऊन म्हणायचात, सरक, तुला काही म्हणजे काही येत नाही. म्हणजे गाळणं मी नेलंच नव्हतं! तुम्हीच आदल्या रात्री गुपचूप माझ्या बॅगेत ठेवलंत, मला परदेशात चहा नीट मिळावा म्हणून, आणि सकाळी विसरलात. चोरी तुम्ही केलीत, माझ्या बॅगेत केलीत, माझ्यासाठी केलीत, आणि आळही माझ्यावरच! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे कळसा माझ्या काखेत होता आणि वळसा तुम्ही घालत होतात.

मला खूप हसू आलं आणि मग हसू थांबल्यावर भीती वाटली. एवढी मोठी माया केलेली तुमच्या लक्षातच राहिली नाही. गाळणं विसरलात तर विसरा, चष्मा तांदळात टाका, गॅसवर दूध ठेवून देवळात जा (नको, ते करू नका). पण मला विसरू नका, जाऊबाई. माझं लग्न झालं तेव्हा मी एकोणतीस वर्षांची घोडी होते आणि मला कुकर लावता येत नव्हता. तुम्ही दार लावून शिकवलंत, आणि सासूबाईंना सांगितलंत की धाकटीच्या हाताला चव आहे. हे आता माझ्याखेरीज आणि तुमच्याखेरीज कुणाला माहीत नाही. तुम्ही विसरलात तर मी एकटीच उरेन.

पत्र लांबलं. पुतण्याला आणि त्याच्या बायकोला आशीर्वाद. भांडण माझ्याकडून मिटलं. तुमच्याकडून मिटलं नसेल तरी हरकत नाही, समोर बसून भांडू.

तुमची,
धाकटी

ता. क. पुतण्याने प्लास्टिकचं गाळणं आणलं असेल तर त्यातून चहा पिऊ नका. फडक्याने गाळा, पण फडकं धुऊन.

आणखी एक. मागच्या खोलीतल्या माझ्या खाटेवर तुम्ही नक्की डबे रचले असणार. ते उतरवून ठेवायला सांगा. सहज म्हणते.

सहज नाही म्हणत. तिकीट काढलंय. मुलगा आधी नाराज झाला, मग त्यानेच तारीख बघितली. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला दुपारी पोचते, चहाच्या आत. गाळणं तसंच फडक्यात बांधलेलं आणते आहे. जाळीवाली गाठ सोडून देते म्हणाली होती, मी सोडू दिली नाही. ती तुम्हीच सोडायची, आणि मला काही म्हणजे काही येत नाही असं म्हणायचं.

पत्राला उत्तर पाठवा. कंबर दुखते, हात दुखतो, चष्मा सापडत नाही, यातली एकही सबब चालणार नाही, कारण मला एकच अक्षर हवंय. ते उंबऱ्यावर तुमच्या तोंडात राहून गेलेलं.

इथून निघताना जाळीवालीला 'येते' म्हणेन, ते आपल्या अर्थाने. तुम्हाला म्हणते ते इथल्या अर्थाने.

जाऊबाई, येते.